छोट्या ट्रॅक्टरची ताकद कुठून बाहेर पडते?

निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतील द्राक्षबागांत दोन ओळींमधले अंतर बहुधा ९ ते १० फूट असते. कागदावर ते ऐसपैस वाटते; परंतु दोन्ही बाजूंचे बोद (वेलींच्या ओळीतले मातीचे उंचवटे), ठिबकच्या नळ्या, वेलींना आधार देणाऱ्या वाय आकाराच्या अँगलचे पसरलेले हात आणि त्यांवरून झुकणाऱ्या काड्या वजा केल्या, की यंत्राला मिळणारी मोकळी वाट जेमतेम निम्मी उरते. तिच्यात बसतात म्हणून नाशिकच्या बागांत १८ ते २८ एचपीचे, कमी रुंदीचे छोटे ट्रॅक्टर रुळले. खरेदीच्या वेळी चर्चा होते ती रुंदीची आणि एचपीची. वजनाचा आकडा फारसा कोणी विचारत नाही, आणि अशा ट्रॅक्टरकडून कोणते काम घ्यावे हे तर, माझ्या मते, प्रामुख्याने त्याच आकड्यावर ठरते.

इंजिनाची शक्ती ट्रॅक्टरमधून मुख्यतः दोन वाटांनी बाहेर पडते. एक वाट चाकांची, म्हणजे ओढण्याची. दुसरी मागच्या पीटीओ (पॉवर टेक-ऑफ) शाफ्टची, म्हणजे अवजार फिरवण्याची. चाकांची वाट मातीवर अवलंबून असते. घट्ट, कोरड्या जमिनीत चाके स्वतःवरील वजनाच्या साधारण निम्म्याइतकी ओढ देऊ शकतात, भुसभुशीत जमिनीत त्याहून कमी. चारही चाके ओढणारा ८५० किलोचा, २४ एचपीचा ट्रॅक्टर घेतला, तर तो सुमारे ४०० किलोची ओढ देईल. ताशी ४ किलोमीटर वेगाने चालताना या ओढीचा हिशेब केला, तर शक्ती भरते सुमारे ६ एचपी. उरलेली शक्ती इंजिनात असूनही चाकांवाटे उपयोगी पडत नाही. अधिक जोर लावला तर चाक जागेवरच घसरते आणि डिझेल जळते. पीटीओ शाफ्टला मातीच्या पकडीची अशी अडचण नसते, त्यामुळे इंजिनाच्या शक्तीचा बहुतांश भाग तिथपर्यंत पोहोचतो.

म्हणूनच छोट्या ट्रॅक्टरला खोल नांगरट लावणे हे त्याच्या अंगाबाहेरचे काम आहे. पलटी नांगर किंवा खोल जाणारे फण वर्षा-दोन वर्षांतून लागत असतील, तर मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणणे स्वस्त पडते. चाक किती घसरते हे मात्र कोणालाही मोजता येते. मागच्या टायरवर खडूची खूण करावी, अवजार उचलून चाकाचे दहा फेर चालावे आणि कापलेले अंतर मोजावे. मग अवजार जमिनीत घालून तितकेच फेर चालावे. पहिले अंतर ४० मीटर आणि दुसरे ३४ मीटर भरले, तर घसरण १५ टक्के झाली. साधारण ८ ते १५ टक्के घसरण चालते. त्यापुढे गेल्यास अवजाराची खोली किंवा रुंदी कमी करावी, अथवा चाकांवर वजन वाढवावे.

हलक्या ट्रॅक्टरला नांगर ओढता यावा म्हणून हॅरी फर्ग्युसन यांनी तीन बिंदूंच्या लिंकेजची युक्ती काढली आणि १९३९ मध्ये ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली. खालचे दोन आर्म आणि वरची टॉप लिंक यांत अडकवलेले अवजार मातीत शिरताना जो भार निर्माण करते, तो या रचनेमुळे मागच्या चाकांवर येतो. म्हणजे अवजारच ट्रॅक्टरला काम चालू असेपर्यंत जड करते. त्याच वेळी पुढची चाके हलकी होतात, म्हणून पुढच्या बाजूला लोखंडी वजने लावतात. ट्रॉली किंवा झाडाचे खोड ओढताना साखळी नेहमी खाली, टोचनला (ओढण्याच्या दांड्याला) बांधावी. ती टॉप लिंकच्या जागी बांधली, तर ओढ मागच्या आसाच्या वरून लागते आणि ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटू शकतो.

रोटाव्हेटर छोट्या ट्रॅक्टरला मानवतो, त्याचे कारण आता स्पष्ट होईल. त्याची पाती पीटीओवर फिरतात आणि माती कापताना ट्रॅक्टरला उलट पुढेच ढकलतात. परंतु या सोयीची किंमत जमीन मोजते. पाती दर वेळी त्याच खोलीवर माती घासत जातात आणि चार-पाच इंचांखाली एक घट्ट थर बसतो, ज्यातून पाणी सावकाश मुरते आणि मुळे कष्टाने जातात. ओल्या काळ्या जमिनीत हा थर लवकर तयार होतो. त्यामुळे वापसा, म्हणजे मशागतीजोगा ओलावा, आल्याशिवाय रोटाव्हेटर घालू नये. वापसा डोळ्यांनी ओळखणारे जाणकार आहेतच, पण मृदाशास्त्रातही त्यासाठी सोपी कसोटी आहे. पात्याच्या खोलीवरची मूठभर माती घेऊन तळहातांत वळावी. सुमारे ३ मिलिमीटर जाडीची वात न तुटता वळली गेली, तर माती अजून चिकणओली आहे आणि दाबली तर तशीच दबून राहील. वात होण्याआधीच ती चुरली, तर काम सुरू करावे.

फवारणीला मात्र वापशाची वाट पाहता येत नाही. ऑक्टोबरच्या गोडी (फळ) छाटणीनंतर फुटी कोवळ्या असताना परतीचा पाऊस आला, की डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने चिखलातच ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या हवेने औषध फवारणारे यंत्र, काढावे लागते. ओढत्या ब्लोअरची ६०० लिटरची टाकी भरली की नुसते पाणीच ६०० किलो होते, आणि छोटा ट्रॅक्टर हलका असल्याचा फायदा तिथेच बराचसा संपतो. मातीच्या वरच्या थरावर पडणारा दाब साधारणपणे टायरमधल्या हवेच्या दाबाइतका असतो, तर खोलवर पोहोचणारा दाब आसावरच्या एकूण वजनावर ठरतो. शिवाय माती दबण्याचा मोठा भाग पहिल्याच फेरीत घडतो. म्हणून चाके दर वेळी त्याच रेषेत ठेवणे हिताचे. नवी जागा दाबण्यापेक्षा दबलेली वापरावी. छाटणीच्या आधी सगळ्या ओळी रोटाव्हेटरने मोकळ्या करण्याचा जो आग्रह धरला जातो, तो मला पटत नाही. वाटेत कापलेले गवत राखले, तर त्याची मुळे माती धरून ठेवतात आणि पावसानंतर चाक कमी रुतते.

ब्लोअरमध्ये औषध पानांपर्यंत नेते ती हवा. बारीक थेंब स्वतःच्या वेगाने फार दूर जात नाहीत. पंख्याने वेलीच्या आतली हवा बाहेर सारून त्या जागी थेंबांनी भरलेली हवा आणायची असते. ट्रॅक्टर घाईने हाकला तर ही अदलाबदल पुरी होत नाही आणि आतली पाने व घड कोरडे राहतात. थेंबाचा व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच पाण्यातून आठपट थेंब होतात आणि झाकले जाणारे क्षेत्र दुप्पट होते. मात्र फार बारीक थेंब वाऱ्याने उडतात किंवा उन्हात वाटेतच सुकतात.

पंख्याचा एक नियम डिझेलच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हवेचे प्रमाण फेऱ्यांच्या प्रमाणात बदलते, पण त्यासाठी लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात. फेऱ्या २० टक्क्यांनी कमी केल्या, तर हवा २० टक्क्यांनीच घटते, पण शक्ती जवळजवळ निम्मीच लागते. फुटी वीतभर असताना पूर्ण वाऱ्याची गरज नसते, तेव्हा ही बचत खुशाल घ्यावी. पंपाचा प्रवाहही त्याबरोबर घटतो, म्हणून दाब पुन्हा जुळवून नोझलचे मोजमाप नव्याने करावे. १० फुटांची, म्हणजे सुमारे ३ मीटरची ओळ आणि ताशी ४ किलोमीटर वेग धरला, तर मिनिटाला २०० चौरस मीटर आणि एकराला साधारण २० मिनिटे होतात. एकरी २०० लिटर द्यायचे असतील, तर सर्व नोझलमधून मिळून मिनिटाला १० लिटर पडले पाहिजेत. साधे पाणी भरून, मापाच्या भांड्यात एक मिनिट धरून हे तपासता येते.

विकत घेण्यापूर्वी मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेचा परीक्षण अहवाल विक्रेत्याकडे मागावा. त्यात पीटीओवर प्रत्यक्ष मिळालेली शक्ती, ओढ आणि वजन हे आकडे असतात, आणि पत्रकावर ठळक छापलेल्या इंजिनाच्या एचपीपेक्षा तेच कामाचे.

पीटीओ शाफ्टवरचे प्लास्टिकचे आवरण बागेत अनेकदा तुटलेले किंवा काढून टाकलेले दिसते. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. शाफ्टचा घेर सुमारे ११ सेंटिमीटर धरला, तर एका सेकंदात जवळजवळ एक मीटर कापड त्याच्यावर गुंडाळले जाते, आणि तेवढ्या वेळात क्लच दाबायला कोणी पोहोचत नाही. आवरण बदलायला फार खर्च येत नाही. ते बदलून घ्यावे, आणि नोझलमध्ये अडकलेला कचरा काढण्यासाठी खाली उतरण्यापूर्वी पीटीओ बंद करून इंजिनाची चावी काढून खिशात ठेवावी.