शेरीफ (ॲलाबामातील ग्रामीण काउंटी)

शेरीफ : काउंटीचा, म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाचा, लोकनिर्वाचित कायदा-अंमलबजावणी अधिकारी. मुंबईचा शेरीफ, म्हणजे नगरपाल, हे वर्षभराचे मानाचे पद आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतील ॲलाबामात मात्र ६७ काउंट्यांपैकी प्रत्येकीत मतदार चार वर्षांसाठी शेरीफ निवडतात. समन्स व वॉरंट बजावणे, जप्त मालमत्तेचा जाहीर लिलाव करणे, गावांच्या हद्दीबाहेरच्या रस्त्यांवर गस्त घालणे आणि काउंटीचा तुरुंग चालवणे ही त्याची कामे. डेप्युटी, म्हणजे हाताखालचे अधिकारी, तोच नेमतो. खुद्द शेरीफविरुद्धचा हुकूम बजावण्याचे काम परंपरेने कॉरोनरकडे, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाते.

मते मागणारा आणि तुरुंगाच्या किल्ल्या बाळगणारा माणूस एकच, यातून या पदाचे वजन येते आणि दोषही. ज्यांना मतदानच करू दिले जात नव्हते, त्या कृष्णवर्णीयांचे त्याला भय नव्हते. जमाव कैद्याला पळवून ठार करी, तेव्हा तुरुंगाचे दार बहुधा आतूनच सैल असे. म्हणूनच १९०१ च्या राज्यघटनेत तरतूद आली : शेरीफच्या हयगयीने, संगनमताने वा भ्याडपणाने ताब्यातला कैदी मारला गेला, तर शेरीफवर महाभियोग.

दुसरा दोष पैशाचा. कैद्यांच्या जेवणाचा भत्ता शेरीफच्या हाती येई आणि उरलेली रक्कम त्याच्या खिशात जाई. भत्ता दिवसाला माणशी १ डॉलर ७५ सेंट. त्यातूनही वाचवायचे तर ताटातूनच वाचणार. २००९ मध्ये मॉर्गन काउंटीच्या शेरीफला याच कारणाने फेडरल न्यायाधीशाने एक रात्र कोठडीत ठेवले. तीन वर्षांत त्याने दोन लाखांहून अधिक डॉलर राखले होते. ही मुभा राज्याने २०१९ च्या कायद्याने बंद केली.

१९६५ च्या मताधिकार कायद्याने गणित फिरले. ७ मार्च १९६५ रोजी सेल्मा शहराच्या पुलावर मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांवर घोडेस्वार घालणारा डॅलस काउंटीचा शेरीफ जिम क्लार्क पुढच्याच वर्षी निवडणुकीत हरला. त्याच १९६६ मध्ये टस्कीगी हे मुख्य ठाणे असलेल्या, कृष्णवर्णीय बहुसंख्येच्या मेकन काउंटीत कोरियन युद्धात लढलेले लूशियस अमर्सन तेव्हाच्या गौरवर्णीय शेरीफला हरवून निवडून आले. अमेरिकी यादवी युद्धापाठोपाठच्या पुनर्रचना काळानंतर दक्षिणेतले ते पहिले कृष्णवर्णीय शेरीफ. जानेवारी १९६७ मध्ये त्यांनी पदभार घेतला आणि १९८७ पर्यंत, सलग वीस वर्षे, ते त्या पदावर राहिले.