टॅक्स ऑडिट: मर्यादा एक कोटी की दहा कोटी?

उलाढाल एक कोटीच्या वर गेली की ऑडिट, हा हिशेब बहुतेक दुकानदारांना पाठ आहे. तो अर्धाच खरा आहे. आयकर कायदा 1961 च्या कलम 44एबीप्रमाणे धंद्यासाठी मर्यादा 1 कोटी आहे खरी, पण वर्षभरातली रोख जमा एकूण जमेच्या 5 टक्क्यांत आणि रोखीने दिलेली रक्कम एकूण देण्याच्या 5 टक्क्यांत असेल, तर ती 10 कोटी होते. अटी दोन्ही पाळाव्या लागतात, आणि लोक अडकतात ते दुसरीत: विक्री सगळी यूपीआयवर, पण हमाली, टेम्पोभाडं, मजुरी रोखीत. बेअरर चेकसुद्धा इथे रोखच धरला जातो.

डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांची मर्यादा 50 लाख.

छोट्यांसाठी दुसरी वाट कलम 44एडीची. उलाढालीच्या 8 टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के नफा दाखवा, ऑडिट नको. ही सोय 2 कोटींपर्यंत आहे, आणि रोख जमा 5 टक्क्यांत असेल तर 3 कोटींपर्यंत. समजा हार्डवेअरच्या दुकानाची उलाढाल 1 कोटी 80 लाख आणि त्यातली 30 टक्के रोख आहे. 44एडी घेतलं तर ऑडिट टळतं. तेच दुकान 2 कोटी 40 लाखांवर गेलं की टळत नाही. कमिशन एजंट आणि एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) यांना 44एडी मिळत नाही. एकदा घेऊन पुढच्या पाच वर्षांत कमी नफा दाखवला, तर त्यानंतर पाच वर्षं ही सोय बंद, आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर ऑडिटही लागतं. कर वाचवायला एखाद्या वर्षी बाहेर पडणं म्हणूनच महागात पडतं.

सीएकडे कॅश बुक, खातेवही, बँक स्टेटमेंट, 31 मार्चचा मालसाठा, जीएसटी रिटर्न, टीडीएसचे तपशील आणि कर्जाचे कागद द्या. एका दिवसात एकाच माणसाला 10 हजारांहून जास्त रोख दिली असेल, तर तेही आधीच सांगा. ऑडिट अहवालासोबतच्या तपशिलाच्या फॉर्म 3सीडीत ते येतंच.

आर्थिक वर्ष 2025-26 ला 1961 चा जुनाच कायदा लागू आहे. ऑडिट अहवालाची मुदत 30 सप्टेंबर 2026, रिटर्नची 31 ऑक्टोबर 2026. मागच्या वर्षी मुदत वाढून अहवालासाठी 10 नोव्हेंबर आणि रिटर्नसाठी 10 डिसेंबर 2025 झाली होती, पण त्या भरवशावर राहू नका. अहवाल चुकला तर उलाढालीचा अर्धा टक्का किंवा दीड लाख, यातली कमी रक्कम दंड म्हणून लागू शकते. रिटर्न उशिरा गेलं तर धंद्यातला तोटाही पुढच्या वर्षांत नेता येत नाही.

आयकर पोर्टलवर आधी तुम्ही सीएला जोडून फॉर्म त्यांच्याकडे सोपवायचा. ते डिजिटल सहीने अहवाल चढवतात. मग तुमच्या लॉगिनमध्ये, वर्कलिस्टमध्ये (बाकी कामांच्या यादीत), तो तुम्ही स्वीकारायचा. हे राहिलं तर सीएंचं काम पूर्ण असूनही अहवाल दाखल झालेला नसतो, त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पासवर्ड आणि नोंदवलेला मोबाइल हाताशी ठेवा.