नळाविना चालणारा प्रेशर वॉशर

नळाला न जोडता बादली, कॅन, पिंप, हौद किंवा स्वतःच्या टाकीतले पाणी खेचून ते दाबाने फवारणारे, उचलून नेता येणारे धुण्याचे यंत्र. बाजारात त्याला जेट पंप, जेट वॉशर, कार वॉशर अशी नावे आहेत. पार्किंगमध्ये नळ नसलेल्या सोसायटीतले दुचाकीवाले, घरोघरी जाऊन एसी साफ करणारे मेकॅनिक, गच्चीवर सोलर पॅनेल बसवलेले घरमालक, शेतावर ट्रॅक्टर धुणारे शेतकरी आणि पावसाळ्यात चिखलाने माखलेली सायकल घरी आणणारे हे त्याचे मुख्य ग्राहक. खरेदी करताना बहुतेक जण खोक्यावरचा बारचा, म्हणजे दाबाचा, आकडा आधी बघतात. या यंत्राच्या बाबतीत तो शेवटी बघावा. पाणी कुठून येणार, पंपापर्यंत कसे पोचणार आणि वीज कुठली, एवढे ठरले की दाब किती मिळेल हे जवळपास ठरूनच जाते.

दाबाने धुण्याची घरगुती यंत्रे फार जुनी नाहीत. जर्मनीतल्या कार्चर कंपनीने १९५० मध्ये गरम पाण्याचे उच्च दाबाचे यंत्र काढले आणि घरगुती ग्राहकासाठी हाताने नेता येईल असे यंत्र १९८४ मध्ये आणले. या यंत्रांची आखणी नळाला भरपूर पाणी येते हे गृहीत धरून झालेली आहे. बादलीतून पाणी ओढणाऱ्या आणि टाकी सोबत बाळगणाऱ्या बॅटरीच्या यंत्रांचा प्रसार लिथियम-आयन बॅटरी आवाक्यात आल्यानंतरचा.

दाब, प्रवाह आणि वॅट

दाब कधी बारमध्ये छापतात, कधी पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौरस इंच), कधी मेगापास्कलमध्ये, तर कधी किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय आणि १० बार म्हणजे १ मेगापास्कल. बार आणि किलो प्रति चौरस सेंटिमीटर व्यवहारात सारखेच धरले तरी चालते. त्यामुळे '३२० पीएसआय' वाचून हुरळून जाऊ नये, तो जेमतेम २२ बार आहे. शिवाय मोठ्या अक्षरांत छापतात तो कमाल दाब. प्रत्यक्ष काम करतानाचा दाब त्याहून कमी असतो आणि तो माहितीपत्रकातल्या तक्त्यात सापडतो.

नुसता दाब मळ काढत नाही, मळ वाहून न्यायला पाणीही लागते. पाण्याला मिळणारी शक्ती काढायचा हिशेब सोपा आहे: बार गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले ०.६, म्हणजे वॅट. विजेवर चालणारा साधा घरगुती वॉशर ११० बार आणि मिनिटाला ६ लिटर देत असेल, तर ही शक्ती ११०० वॅट झाली. बॅटरीवरची गन, म्हणजे हातात धरायचे छोटे यंत्र, २२ बारला मिनिटाला २ लिटर देते, म्हणजे सुमारे ७३ वॅट. आता बॅटरीकडे बघू. १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तास यांचा गुणाकार ७२ वॅट-तास. मोटार आणि पंप मिळून निम्मी ऊर्जा खातात असे धरले तरी ही बॅटरी त्या गनला अर्धा तास चालवते. तीच बॅटरी १४०० वॅटच्या यंत्राला लावता आली असती, तर तीन मिनिटांत संपली असती. 'बॅटरीवर १०० बार' अशी जाहिरात करणाऱ्या हातभर गनकडे या हिशेबाने बघावे.

ऑनलाइन दुकानांत स्वस्तातल्या गनवर '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' असे आकडे दिसतात. त्यांचा व्होल्टशी फारसा संबंध नसतो. खरे व्होल्ट चार्जरच्या पाठीवर मिळतात. तिथे आउटपुट २१ व्होल्ट लिहिले असेल तर बॅटरीत पाच सेल एकसर जोडलेले आहेत, कारण पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा असतो. म्हणजे बॅटरी नेहमीची, १८ व्होल्टचीच. हा कागदाचा इंचभर तुकडा सगळ्या जाहिरातीपेक्षा भरवशाचा आहे.

पाणी पंपापर्यंत पोचवणे

नळाविना वापरात यंत्र रुसते ते बहुधा इथेच. नळाचे पाणी स्वतःच्या दाबाने पंपात शिरते. बादलीतले पाणी पंपाला ओढून घ्यावे लागते. ही ताकद प्रत्येक पंपात नसते. माहितीपत्रकात 'सेल्फ-प्रायमिंग' किंवा 'सेल्फ-सक्शन' असा स्पष्ट उल्लेख नसेल तर ते यंत्र बादलीवर चालेल असे गृहीत धरू नये, दुकानदाराने मान डोलावली तरीही. उल्लेख असला तरी ओढण्याची उंची बघावी. कार्चरच्या घरगुती यंत्रांना ती अर्धा मीटरच दिलेली आहे. जमिनीवरच्या पिंपाशेजारी जमिनीवर यंत्र ठेवले तर ते चालते. पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत यंत्र आणि खाली हौद, असे जमत नाही. पाण्याची पातळी यंत्राच्या बरोबरीने किंवा वर ठेवणे सर्वांत चांगले. बादली स्टुलावर ठेवली तरी निम्मे काम होते.

सक्शन पाइप जाड आणि कडक हवा. बागेला पाणी घालायचा मऊ पाइप लावला तर तो आतून चपटा होतो आणि पाणी तुटते. पाइपच्या टोकाला जाळी आणि पाणी मागे न जाऊ देणारा व्हॉल्व असावा. विहिरीच्या मोटारीला फूट व्हॉल्व असतो तोच हा प्रकार, फक्त लहान. सुरू करताना पाइप आधी पाण्याने भरून घ्यावा, लान्स (गनच्या पुढची लांब नळी) काढून ठेवावा आणि ट्रिगर दाबून यंत्र चालू करावे. सुरुवातीला फसफस होते, गनमधून बुडबुडे आणि पाणी आलटून पालटून येते, मोटारीचा आवाज चढा असतो. हवा निघाली की आवाज एकदम खाली बसतो आणि धार अखंड होते. मग लान्स लावावा. मिनिट-दोन मिनिटांत हे घडले नाही तर यंत्र बंद करून सांधे तपासावेत. कुठेतरी सांध्यातला रबरी वॉशर सैल असतो आणि पंप एअर घेत असतो. कोरडा चालवलेला पंप सील जाळून घेतो.

ज्यांच्याकडे नळ आहे त्यांनाही हा भाग लागू पडतो. अनेक घरगुती यंत्रांना मिनिटाला ८ ते १० लिटर पाणी आत यावे लागते. आपल्याकडे इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतून पाणी येते आणि १० मीटर उंचीला १ बार असा हिशेब असल्याने टाकीखाली ३ मीटरवर असलेल्या नळाला ०.३ बारच दाब मिळतो. १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरत नसेल तर तो नळ या यंत्राला अपुरा आहे. अशा घरी नळ थेट जोडण्यापेक्षा पिंप भरून त्यातून पाणी ओढणे शहाणपणाचे.

कोणाला कोणते

वीज आहे आणि फक्त नळ नाही, अशा ठिकाणी स्वतः पाणी ओढणारा १४०० ते १८०० वॅटचा वॉशर आणि पिंप ही जोडी सर्वांत कामाची. फरशी, कंपाउंडची शेवाळलेली भिंत, ट्रॅक्टरच्या टायरमधला सुकलेला चिखल यांना हाच लागतो. घरच्या ८००-९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर मात्र तो चालणार नाही.

एसी मेकॅनिकांनी याच प्रकारातले लहान यंत्र आपलेसे केले आहे. मार्च उजाडला की मुंबई-पुण्यात स्कूटरच्या पायाशी जेट पंप आणि रिकामी बादली घेऊन फिरणारे मेकॅनिक दिसू लागतात. त्यांची मांडणी बघण्यासारखी असते. इनडोअर युनिटला खालून प्लास्टिकची झोळी बांधतात, तिची नळी दुसऱ्या बादलीत सोडतात, सर्किटच्या बाजूला फडके कोंबतात आणि पसरट फवारा कॉइलच्या पात्यांवर समोरून, सरळ धरतात. तिरका धरला तर ॲल्युमिनियमच्या कागदासारख्या पात्या वाकतात आणि हवा अडते. या कामाला १०० बार नकोतच. पंप बादलीतून लगेच पाणी उचलणारा आणि एका हाताने जिना चढवता येणारा हवा.

वीजही नाही आणि नळही नाही, तिथे बॅटरीचे यंत्र. यात दोन घराणी आहेत. पहिले म्हणजे पाइप बादलीत सोडायची गन. वर्क्सची हायड्रोशॉट हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. दुसरे टाकीसह येणारे यंत्र: बॉशच्या फाँटसला १५ लिटरची टाकी आहे, कार्चरच्या ओसी ३ ला ४ लिटरची. ओसी ३ चा दाब ५ बार, म्हणजे धुण्यापेक्षा विसळण्याच्या जवळचा; सायकल, बूट, कुत्र्याचे पाय यांना तो पुरतो. मिनिटाला २ लिटरने ४ लिटर दोन मिनिटांत संपतात, म्हणून बॅटरी किती मिनिटे टिकते यापेक्षा टाकी किती मिनिटे टिकते हा प्रश्न आधीचा. टाकीचे वजनही धरावे. १५ लिटर पाणी म्हणजे १५ किलो, त्यावर यंत्राचे वजन. चाके नसतील तर लिफ्टपासून गाडीपर्यंतच दमछाक होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुचाकी धुणाऱ्याला माझ्या मते २० लिटरचा कॅन आणि बादलीतून ओढणारी गन हीच निवड योग्य आहे. सायकलच्या बाबतीत कमी दाब ही उणीव नाही, फायदा आहे. जोरकस झोत हब (चाकाचा मध्य) आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस) यांच्या बेअरिंगमधले ग्रीस धुऊन पाणी आत ढकलतो.

गाडीच्या बॅटरीवर चालणारे १२ व्होल्टचे डायफ्रॅम पंपही मिळतात. लायटर सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो, त्यामुळे शक्तीची मर्यादा तिथेच ठरते.

शेतावर एचटीपी पंप बहुतेकांकडे आधीच असतो. द्राक्ष, डाळिंबाच्या फवारणीचा हा पंप २०० लिटरच्या पिंपातून पाणी ओढतो, जादा पाणी बायपासने पिंपात परत सोडतो आणि २० ते ४० किलो दाब देतो. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर धुवायला तो उत्तम. पण औषध मारलेल्या पंपाने आणि पाइपने जनावर धुऊ नये, दुधाची भांडी किंवा गोठ्यातली गव्हाण तर नाहीच. पंप कितीही विसळला तरी पाइपच्या रबरात औषध राहते. यासाठी वेगळा पाइप आणि गन नव्हे, वेगळा पंपच ठेवावा; खर्च वाचवण्याची ही जागा नाही.

पाण्याची बचत होते का, हा प्रश्न टंचाईच्या गावांत हमखास विचारतात. मिनिटाला १०-१५ लिटर सोडणाऱ्या उघड्या पाइपच्या तुलनेत नक्की होते. बॅटरीच्या गनने मोटारगाडी धुवायला २५-३० लिटर लागतात. दोन बादल्या आणि फडक्याने धुणाराही तेवढ्यातच भागवतो, त्यामुळे बचतीसाठी म्हणून यंत्र घ्यायचे कारण नाही.

सुरक्षितता आणि निगा

१०० बारचा अरुंद झोत कातडी फोडून पाणी आत घुसवू शकतो. जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते, पण आतले नुकसान मोठे असते आणि तिला तातडीने डॉक्टर लागतो. पायातली चप्पल धुवायला झोत पायावर धरणे हा प्रकार सर्रास दिसतो आणि तो थांबायलाच हवा. टायरच्या बाजूची भिंत, रंग उडालेला पत्रा यांपासून नोझल ३० सेंटिमीटर तरी दूर ठेवावे. सोलर पॅनेलवर उच्च दाब वापरूच नये. मऊ ब्रश आणि साधी धार पुरते. विजेचे यंत्र आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या जोडणीवरच चालवावे आणि एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर पडू देऊ नये. पेट्रोलचे यंत्र बेसमेंट पार्किंगमध्ये चालवू नये, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

बोअरचे जड पाणी वापरल्यास शेवटी मिनिटभर साधे पाणी फिरवावे, नाहीतर व्हॉल्ववर क्षार बसतात. नदी-ओढ्याच्या पाण्यात बारीक वाळू असते. पाइपचे टोक तळाला टेकू न देता तरते ठेवावे. काम झाल्यावर ट्रिगर दाबून आतला दाब आणि पाणी काढून टाकावे. बर्फ पडणाऱ्या देशांत राहणाऱ्यांनी हे चुकवू नये, पंपात गोठलेले पाणी त्याचे कवच फोडते. बॅटरी महिनोन् महिने ठेवायची तर निम्मी भरून, कोरड्या जागी ठेवावी. घेण्यापूर्वी दुकानात ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी), सक्शन पाइपची जाळी आणि सुटी बॅटरी वेगळी मिळते का हे विचारून घ्यावे. यातली जाळी सर्वांत आधी हरवते आणि तिच्याविना पंप महिनाभरही नीट चालत नाही.