मोड आले की प्रथिने दुप्पट होतात?

‘कडधान्याला मोड आणले की त्यातली प्रथिने दुप्पट होतात’ हा समज फार जुना आहे.

प्रथिने बनायला नायट्रोजन लागतो. भिजत घातलेल्या मटकीला आपण फक्त पाणी देतो आणि पाण्यातून तो म्हणावा तसा मिळत नाही. कोंब वाढतो तो दाण्यातल्याच साठ्यावर. त्यामुळे एकूण प्रथिने जवळपास तेवढीच राहतात.

घरी तपासता येईल. 100 ग्रॅम कोरडी मटकी मोजून घ्या, मोड आल्यावर पुन्हा वजन करा. ते दुपटीच्या पुढे गेलेले दिसेल. वाढले ते पाणी. कोरड्या मटकीत 100 ग्रॅमला साधारण 23-24 ग्रॅम प्रथिने असतात, तीच आता या मोठ्या ढिगात विभागली गेली. म्हणजे वाटीभर मोडात ती उलट कमीच!

मोड आणण्याचे फायदे मात्र खरे आहेत: क जीवनसत्त्व तयार होते, लोह अधिक चांगले शोषले जाते, पोट कमी फुगते.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी तर हे जरूर लक्षात घ्यावे. कोरडी मटकी घट्ट झाकणाच्या डब्यात महिनोन्महिने टिकते, मोड उन्हाळ्यात दिवसभरात आंबतात. लागेल तेवढीच भिजवा. मोड आणायला वेळ नसेल तर साधी उसळही प्रथिनांना तितकीच पुरी पडते.