‘वगैरे’ कुठून आलं? मोठं होणाऱ्या पोराच्या कादंबरीची थोडी पार्श्वभूमी

भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी ‘कोसला’ आली १९६३ मध्ये, नेमाडे तेव्हा पंचवीसचे आणि त्यांचा नायक पांडुरंग सांगवीकरही पंचवीसचाच. खेड्यातला पोरगा पुण्याला शिकायला जातो, बापाचे पैसे उडवतो, डिग्री न घेताच घरी परततो. गोष्ट एवढीच. पण त्याआधी मराठीत मोठं होणं म्हणजे काय होतं ते बघा. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, त्यात मोठा झालेला श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना लहानपण सांगतो, म्हणजे सांगणाऱ्याला धडा आधीच मिळालेला असतो. पांडुरंगाला काहीच मिळालेलं नाही, तो नुसता बोलत सुटतो, वाक्यावाक्याला ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ लावत. आणि त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते तिथे हेच चेष्टेखोर बोलणं अचानक असं फाटतं की मी ती पानं दुसऱ्यांदा वाचायला बरीच वर्षं धजलो नाही.

‘कोसला’ म्हटलं की लोक लगेच सॅलिंजरच्या १९५१ च्या ‘कॅचर इन द राय’ या अमेरिकन कादंबरीचं नाव घेतात. असेल प्रभाव, नाही कोण म्हणतंय. पण ‘कोसला’च्या गद्याची मुळं शोधायची तर तेराव्या शतकातल्या महानुभाव पंथाच्या ‘लीळाचरित्रा’कडे, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथाकडेही जावं लागतं असं बरेच समीक्षक सांगतात, आणि मला ते जास्त पटतं. छोटी छोटी वाक्यं, कोण कुठे गेला, काय खाल्लं, काय बोलला, पुढे चला. अलंकार नाहीत, उपदेशही वेगळा काढून दाखवलेला नाही.

आता आमचं गोव्याचं. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले, १९६२ मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले कॉलेज सुरू झालं. त्याआधी बीए-बीएस्सी करायचं तर पोरांना बेळगाव, पुणे, मुंबई गाठावी लागायची, घरून मनिऑर्डर, मेसचं जेवण, खोलीवर तीन जण, त्यामुळे पांडुरंगाचं हॉस्टेल आमच्याकडच्या काकालोकांना नवं नव्हतंच. नवी होती ती भाषा. घरात कोंकणी ‘कितें रे’ आणि वहीत मराठी ‘काय रे’ अशी आमची तऱ्हा, मराठी म्हणजे भजन, नाटक, पेपर आणि शाळा, म्हणजे जरा इस्त्री केलेलीच. तिच्यात कोणी असा आळस, शिव्या, बडबड घालू शकतो हे मला तरी ‘कोसला’नं दाखवलं. (नेमाडे पुढे गोवा विद्यापीठात इंग्रजी शिकवायला आले, हा योग मला उगाच आवडतो.)

नंतर पोराचा आवाज आणखी लहान झाला. प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ १९९४ चं, तशा त्या कथा, कादंबरी नव्हे, पण त्यांचा नायक लंपन त्यात मोठा होतच जातो. तिथे सांगणारा शाळकरी पोरगाच आहे, प्रत्येक गोष्ट ‘मॅडसारखी’ होते आणि वाक्यांना सीमाभागातला कानडी हेल आहे. पुण्याच्या मित्राला तो हेल मुद्दाम काढलाय असं वाटलं होतं. आम्हाला तसं वाटायचं कारणच नाही, चोर्ला घाट चढला की बेळगाव, आणि तिथून भाजीचा ट्रक घेऊन येणारा माणूस म्हापशाच्या बाजारात अगदी तसंच बोलतो.