नवरदेवाचा पांढरा सदरा पिवळा का दिसला?

दारव्ह्याजवळच्या एका बाजाराच्या गावात माझ्या भाच्याचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत त्याला जेवायची फुरसत नसते, त्यामुळे मे महिन्यात भरदुपारी त्याचा फोन आला तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं.

"मामा, फोटोशॉपमधी सारेच फोटो पिवये दिसून रायले. नवरदेवाचा सदरा पांढराफटक होता, म्याच काढला ना फोटो. मोबाइलवर टाकला तं पांढराच दिसते. असं काऊन?"

तोवर त्याने केबल बदलून पाहिली होती आणि फोटोशॉप काढून पुन्हा टाकलं होतं. आता तो अख्खा कॉम्प्युटर फॉरमॅट करायला निघाला होता. "थांब," म्हटलं, "आधी तोच फोटो पेंटमध्ये उघड." पेंटमध्ये सदरा पांढरा निघाला. म्हणजे फोटो धड होता आणि मॉनिटरही धड होता. घोळ या दोघांच्या मधे कुठेतरी होता.

ही मधली जागा आपल्याला दिसत नाही, म्हणून ती आहे हेच आपण विसरतो. फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, नेहमीच्या जेपेगमध्ये ० ते २५५ मधले. त्यांच्या १,६७,७७,२१६ जोडण्या होतात. पण हिरवा २०० म्हणजे नेमका कोणता हिरवा? गावागावाची पायली वेगळी असायची तेव्हा 'दहा पायल्या ज्वारी' एवढ्यावर सौदा ठरत नसे. पायली कुठली, ते आधी विचारावं लागे. आकड्यांचंही तेच.

रंगांची सामाईक पायली १९३१ साली ठरली. त्याआधीच्या दशकात इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड या दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे माणसांना रंग जुळवायला बसवलं होतं. राइटकडे दहा माणसं होती, गिल्डकडे सात. या सतरा जणांच्या नजरेवरून 'प्रमाण डोळा' तयार झाला आणि आजही कॅमेऱ्यापासून छपाईपर्यंतचा हिशेब त्याच मोजमापावर उभा आहे. आपल्या गावच्या एखाद्या लग्नाच्या पंगतीची एक ओळही याहून मोठी असते!

पुढे १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी मिळून इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम स्थापन केलं आणि 'प्रोफाइल' नावाच्या छोट्या फाइलचा नमुना ठरवला. प्रोफाइल म्हणजे त्या-त्या पायलीचं वर्णन. फोटोची एक प्रोफाइल असते: माझा हिरवा २०० म्हणजे अमुक हिरवा. मॉनिटरची दुसरी: मला २०० दिले की मी तमुक हिरवा दाखवतो. फोटोशॉप या दोन्ही वाचतं, मधे १९३१ च्या मापात हिशेब करतं आणि मॉनिटरला बदललेले आकडे पाठवतं. पेंट असल्या भानगडीत पडत नाही, आकडे जसेच्या तसे पुढे ढकलतं.

भाच्याच्या कॉम्प्युटरमध्ये एका अपडेटबरोबर मॉनिटरची एक चुकीची प्रोफाइल आपोआप येऊन बसली होती. ती सांगत होती की हा पडदा निळसर आहे. फोटोशॉपने ते खरं मानून निळा कमी केला, आणि निळा कमी झाला की पांढऱ्यावर पिवळी झाक येते. जिनिंगवरचा काटा किलोभर जास्त दाखवतो असं कोणीतरी कानात सांगावं, काटेवाल्याने इमानदारीत प्रत्येक गाडीमागे किलो कापावा आणि काटा मुळात बरोबरच असावा, तसला प्रकार. फोटोशॉप हुशार म्हणून फसलं आणि पेंट अडाणी म्हणून वाचलं.

दोष कुठे आहे हे पाहायची आणखी एक युक्ती मला फार आवडते. पडद्याचा स्क्रीनशॉट काढा आणि मोबाइलवर पाठवा. प्रोफाइलचा हिशेब आकड्यांतच झालेला असतो, म्हणून त्यातली चूक स्क्रीनशॉटमध्येही उतरते. पडदा जुना होऊन पिवळा पडला असेल किंवा 'नाइट लाइट' (रात्री पडदा पिवळसर करणारी सोय) चालू राहिला असेल, तर मात्र स्क्रीनशॉट स्वच्छ येतो, कारण ते बदल चित्र तयार झाल्यानंतरचे असतात. भाच्याचा स्क्रीनशॉट माझ्या मोबाइलवर हळदीसारखा पिवळा आला. मग वाद उरला नाही.

उपाय पाच मिनिटांचा. विंडोजच्या शोधात 'कलर मॅनेजमेंट' उघडायचं, आपला मॉनिटर निवडून स्वतःच्या सेटिंगवर टिक करायची, जुनी प्रोफाइल काढायची, 'एसआरजीबी' ही बहुतेक पडद्यांना चालणारी नेहमीची प्रोफाइल जोडून तीच डिफॉल्ट करायची. फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडायला विसरू नये, कारण ते मॉनिटरची प्रोफाइल सुरू होताना वाचतं. ही तात्पुरती सोय झाली. पडदा खरोखर काय दाखवतो ते त्यावर ठेवायच्या मापकयंत्रानेच कळतं, आणि रोज अल्बम करणाऱ्याने ते एकदा तरी फिरवावं असं माझं मत आहे.

याची उलटी तक्रारही येते: फोटोशॉपमध्ये नवरीचा चुडा हिरवागार, दुसरीकडे मात्र फिका. तिथे बहुधा कॅमेरा 'अ‍ॅडोबी आरजीबी'वर असतो. १९९८ ची ही पायली मोठी आहे, हिरव्याच्या बाजूला तर जास्तच. तिचे आकडे लहान एसआरजीबीच्या मापाने वाचले की रंग उतरतो. गिऱ्हाइकाला द्यायची फाइल एसआरजीबीत बदलून द्यावी, प्रश्न मिटतो.

बाकीच्या तक्रारी सरळ आहेत. फोटो उघडतो पण जागा काळी किंवा रिकामी दिसते? फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमधल्या परफॉर्मन्समध्ये जाऊन ग्राफिक्स प्रोसेसर बंद करून पाहा. त्याने फोटो दिसला तर त्याचा ड्रायव्हर नवा टाका. कडा करवतीसारख्या दिसत असतील तर आधी झूम शंभर टक्क्यांवर ठेवून पाहा. अर्ध्या फोटोखाली राखाडी पट्टा असेल तर फाइल कार्डवरून पुरती उतरलेलीच नाही. आणि एखाद्या ओळीपासून पुढचा सगळा रंगच बदलला असेल तर मधला एखादा आकडा बिघडलाय. जेपेगमध्ये फोटोचे छोटे चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक चौकोनाचा उजळपणा आणि रंग आधीच्या चौकोनापासूनच्या फरकात लिहिलेले असतात, म्हणून एकाची चूक पुढच्या सगळ्यांना भोवते. कार्ड पुसलं नसेल तर फाइल पुन्हा उतरवा.

रविवारी मी स्टुडिओत गेलो तेव्हा सदरा पांढरा झाला होता, पण भाचा म्हणाला, "आता गुलाबी वाटते थोडा." मी वर पाहिलं. उन्हासाठी दुकानापुढे हिरवी नेट बांधलेली, आत सगळा हिरवट उजेड. डोळा त्या उजेडाला सरावतो, मग पडद्यावरचा खरा पांढरा त्याला गुलाबीकडे झुकलेला वाटतो. दाराला जाड पडदा लावला, आतला पांढरा ट्यूबलाइट लावला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "हा आता बरोबर."

मग तो जरा गप्प झाला. आधीच्या दोन लग्नांचे फोटो त्याने याच पिवळ्या पडद्यावर 'सुधारले' होते. हॉलचे दिवे पिवळे असतील असं समजून प्रत्येक फोटोतला पिवळा कमी केला होता, आणि अल्बम नागपूरहून छापून घरोघरी गेलेही होते. एक प्रत कपाटात होती, ती काढली. अल्बममधल्या हळदीच्या कार्यक्रमाच्या पानावर नवरीच्या गालाला जणू पिठलंसुद्धा लागलं नव्हतं.

"त्यायच्याकडून कोनी काहीच नाही बोललं मामा," तो म्हणाला आणि जुनी फाइल उघडायला बसला.