दोन दुहेरी बंध आणि एक मिथाइल गट

बुरशीचा संसर्ग म्हटलं की नायटा आणि मलमाची ट्यूब, एवढंच बहुतेकांना आठवतं. अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणू तर आपण रोजच श्वासावाटे आत घेतो आणि प्रतिकारशक्ती त्यांचा परस्पर निकाल लावते. पण ल्युकेमियावरच्या केमोथेरपीने पांढऱ्या पेशी अगदी कमी झाल्या, की हेच बीजाणू फुप्फुसात रुजतात, त्यांचे तंतू रक्तवाहिन्यांत घुसतात आणि गाठ थेट मृत्यूशी पडते.

बुरशी ही वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळची. तिची पेशी आपल्या पेशीसारखीच, त्यामुळे तिला मारणारं विष आपल्यालाही बाधतं. सर्वांत कामी आला तो पेशीपटलातला फरक. आपल्या पटलात कोलेस्टेरॉल, तिच्या पटलात अर्गोस्टेरॉल. अर्गोस्टेरॉलमध्ये दोन दुहेरी बंध आणि एक मिथाइल गट जास्त. बस, एवढ्या भांडवलावर सगळी लढाई!

अँफोटेरिसिन बी हे जुनं बुरशीविरोधी औषध पटलाला भोकं पाडतं, असंच वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. भोकं पडतातच, पण 2014 च्या संशोधनातून वेगळंच चित्र पुढे आलं. त्याचे रेणू पटलावर गठ्ठ्याने जमतात आणि टीपकागदाने शाई ओढावी तसं अर्गोस्टेरॉल बाहेर ओढून घेतात. कोलेस्टेरॉललाही ते थोडे चिकटतात आणि मूत्रपिंडांना इजा होते. दुसरं औषध, व्होरिकोनाझोल, अर्गोस्टेरॉलला हातच लावत नाही. ते अर्गोस्टेरॉलचा कच्चा माल असलेल्या लॅनोस्टेरॉलवरचा मिथाइल गट काढणारं एन्झाइम अडवतं. अर्गोस्टेरॉल तयारच होत नाही आणि पटलात सदोष स्टेरॉल साचतात.

2002 मध्ये अ‍ॅस्परजिलसचा संसर्ग झालेल्या 277 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांनी व्होरिकोनाझोल गटात 70.8 टक्के रुग्ण जिवंत होते, अँफोटेरिसिन गटात 57.9 टक्के. मात्र तुलना जुन्या, साध्या अँफोटेरिसिनशी होती. मूत्रपिंडांना कमी त्रास देणाऱ्या लायपोसोमल, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेल्या, प्रकाराशी नव्हे. हे न सांगता आकडे मिरवणं मला पटत नाही. तसंच प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत बुरशी मारणाऱ्या ‘रामबाण’ अर्काचं. बशीला मूत्रपिंड नसतं!

2016 मध्ये आयसाव्हुकोनाझोल हे त्याच कुळातलं नवं औषध व्होरिकोनाझोलच्या तोडीस तोड ठरलं. यकृत, डोळे आणि त्वचेचे दुष्परिणामही कमी दिसले. पण बुरशी म्युकर गटातली निघाली, तर व्होरिकोनाझोल जवळपास निरुपयोगी ठरतं आणि लायपोसोमल अँफोटेरिसिनच आधी हाती घ्यावं लागतं. म्हणून ‘सर्वांत भारी औषध कोणतं?’ याआधी ‘बुरशी कोणती?’ हे विचारायला हवं.